प्रवाह, साठा आणि ताळेबंद

बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याची किंमत किती, असे एखाद्या सनदी लेखापालाला विचारले तर तो पेचात पडेल. बांधकामाचा खर्च सापडणे कठीण, आणि सापडला तरी तो चार शतकांपूर्वीच्या नाण्यांत. ही वस्तू विक्रीला निघत नाही, म्हणून तिला बाजारभाव नाही. वर्षाचे उत्पन्न काढायचे तर पाणी मोजून विकण्यासाठी ती बांधलेलीच नव्हती. मालमत्तेचे मोल ठरवण्याच्या नेहमीच्या तिन्ही वाटा इथे खुंटतात. तरीही या शहराने आजवर मिळवलेल्या सगळ्या मालमत्तेत याहून मोलाचे दुसरे काही मला दाखवता येणार नाही. नफ्यापलीकडचे, लांब पल्ल्याचे मूल्य कसे मोजायचे हा या पुस्तकाचा विषय. त्याची ओळख करून द्यायला बुऱ्हाणपूरच्या माणसाला याहून चांगली सुरुवात सापडणार नाही.

ज्यांनी भंडारा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शहराच्या उत्तरेला सातपुड्याचे उतार आहेत. तिथे पडणारा पाऊस जमिनीत मुरतो आणि जमिनीखालूनच तापीकडे निघतो. १६१५ च्या सुमारास, मुघल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान यांच्या कारकिर्दीत, तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाने हे पाणी वाटेतच अडवून शहराकडे वळवले. हिंदीतले कवी रहीम ते हेच खानखानान. जमिनीखाली हलक्या उताराचा बोगदा आणि त्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी, म्हणजेच कुंड्या, अशी ही रचना आहे. त्या एकामागून एक शंभराच्या आसपास आहेत. खोदलेली माती वर काढायला, खाली हवा पोचायला आणि पुढे गाळ उपसायला त्या उपयोगी पडल्या. बैल नाही, रहाट नाही, इंधन नाही. पाणी स्वतःच्या उताराने गावात येते. इराणात हे तंत्र जुने होते. मराठी वाचकांच्या ओळखीची औरंगाबादची नहर-ए-अंबरी साधारण याच काळातली. तिचा कर्ता मलिक अंबर आणि खानखानान रणांगणावर एकमेकांचे वैरी होते, पण शहराला पाणी कसे द्यावे याबद्दल दोघांचे मत एकच होते. मला ही इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. २०२४ मध्ये कुंडी भंडारा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाला.

त्या पाण्याने काय दिले? बुऱ्हाणपूर हे दख्खनच्या मुघल कारभाराचे ठाणे होते. फौज, तिची जनावरे, सराया, बाजारपेठ, या सगळ्यांना पाणी लागे. विणकर आणि रंगारी यांचे तर पाण्यावाचून पानही हलत नाही. सतराव्या शतकात इथून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए लिहून गेला आहे की इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जात असे. त्या कापडाचा नफा व्यापाऱ्यांच्या वह्यांत जमा झाला. ज्या पाण्यात सूत धुतले गेले, रंग चढला आणि ज्याच्या जोरावर कारागिराच्या घरची चूल पेटली, त्या पाण्याची नोंद कोणत्याच वहीत झाली नाही. पुढे कापडाच्या पेढ्या मोडल्या, सुभेदारी गेली, नाणी बदलली. भंडाऱ्यात मात्र पाणी राहिले.

आता आजच्या पद्धतीचा हिशेब लावून पाहू. कोणताही मोठा प्रकल्प हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना त्यातून पुढे मिळणाऱ्या लाभाला वटाव लावून त्याची आजची किंमत काढतात. उद्याचा रुपया आजच्या रुपयापेक्षा कमी मोलाचा, हे त्यामागचे तत्त्व. उधारीवर पैसा उभारणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. वटावाचा दर वर्षाला दहा टक्के धरला तर पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत साधारण पंचाऐंशी पैसे येते. शंभर वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची एक पैसाही येत नाही. चारशे वर्षांनंतरच्या पाण्याची किंमत मांडायला तर दशांशचिन्हापुढे शून्येच शून्ये लिहावी लागतील. खानखानानांच्या दरबारात आजचा एखादा सल्लागार हे गणित घेऊन बसला असता, तर तापीचे पाणी पखालींनी आणणे स्वस्त पडते असा अहवाल त्याने दिला असता, आणि त्याची बेरीज-वजाबाकी बिनचूक असती. म्हणून चूक गणितात शोधायची नाही. किती वर्षांचा हिशेब मांडायचा आणि कोणासाठी, हा निर्णय गणिताच्या आधी घेतला जातो आणि तो कागदावर कुठेच लिहिलेला नसतो. हे पुस्तक मला महत्त्वाचे वाटते ते याच जागी बोट ठेवते म्हणून.

जगातल्या बड्या हिशेब-कंपन्यांनाही गेल्या काही वर्षांत ही अडचण जाणवू लागली आहे. मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखात बजावले होते की नियमांत राहून नफा वाढवणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी. पुढची चाळीस-पन्नास वर्षे बहुतेक संचालक मंडळांनी तेच सूत्र मानले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या १८१ प्रमुखांनी एका निवेदनावर सह्या करून सांगितले की कंपनी ग्राहक, कामगार, पुरवठादार आणि परिसर यांच्यासाठीही असते. सह्या करणे सोपे होते. मोजणार कसे, हा प्रश्न उरला, आणि तो चार मोठ्या लेखापरीक्षण संस्थांच्या दारात येऊन उभा राहिला.

त्या चौघींतली ईवाय, म्हणजे पूर्वीची अर्न्स्ट अँड यंग, या कामात बरीच पुढे गेली. २०१८ मध्ये तिने तीसहून अधिक कंपन्या आणि गुंतवणूक संस्थांना एकत्र बसवून ‘एम्बँकमेंट प्रोजेक्ट’ नावाचा अहवाल काढला. कंपनीच्या बाजारमूल्याचा मोठा भाग ताळेबंदात उमटत नाही, हे त्याचे सूत्र. कामगारांचे कौशल्य, ग्राहकांचा विश्वास, संशोधन, समाजातली पत, या साऱ्यांसाठी मोजता येतील अशी मापे त्यात सुचवली आहेत. पुढे ईवायने हीच फूटपट्टी स्वतःला लावली. ग्राहकांसाठीचे मूल्य, माणसांसाठीचे मूल्य, समाजासाठीचे मूल्य आणि आर्थिक मूल्य, असे चार कप्पे तिने पाडले आणि २०२१ पासून त्यांवर आधारलेला वार्षिक अहवाल काढायला सुरुवात केली. ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी नाही, भागीदारांच्या संस्थांचे जाळे आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात तिची जगभरची मिळकत ५१.२ अब्ज डॉलर होती आणि सुमारे चार लाख माणसे तिथे काम करत होती. एवढ्या मोठ्या संस्थेने नफ्याच्या शेजारी आणखी तीन रकाने काढले, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. मी तिचा आदर करतो.

पण त्या रकान्यांत भरले काय जाते, हे वाचकाने डोळसपणे पाहिले पाहिजे. माणसांच्या रकान्यात प्रशिक्षणाचे तास येतात, स्त्रियांचे प्रमाण येते, नोकरीविषयीच्या पाहणीतले समाधान येते. समाजाच्या रकान्यात २०३० पर्यंत एक अब्ज लोकांच्या आयुष्यावर चांगला परिणाम घडवण्याचे उद्दिष्ट येते. हे आकडे खोटे आहेत असे मी म्हणत नाही. त्यातले बरेचसे आकडे संस्थेने किती हात पुढे केला ते सांगतात. समोरच्याच्या हातात काय पडले ते सांगायला ते कमी पडतात. २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने याच संस्थेला दहा कोटी डॉलरचा दंड केला. तिथल्या काही लेखापरीक्षकांनी व्यावसायिक नीतिमत्तेच्या परीक्षेतच नक्कल केली होती आणि चौकशीत संस्थेने ती बाब दडवली होती. नीतिमत्तेच्या प्रशिक्षणाचे तास त्या वर्षांतही भरलेच असणार. आणि २०२४ मध्ये पुण्यातून या क्षेत्रातल्या कामाच्या ताणाविषयी जी चर्चा सुरू झाली, ती महाराष्ट्रातल्या अनेक घरांत पोचली, कारण ‘बिग फोर’मध्ये लागलेला मुलगा किंवा मुलगी आता आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या गावात असते. रात्री अकरा वाजता लॅपटॉपसमोर बसलेल्या लेकीचे किंवा लेकाचे आईवडील अहवालातला माणसांचा रकाना वाचू लागले, तर त्यांचे प्रश्न अहवाल लिहिणाऱ्यापेक्षा वेगळे असतील. माझ्या मते त्या आईवडिलांचे प्रश्न जास्त कामाचे.

इथे एका जुन्या हिशेबनिसाची आठवण काढणे मला कर्तव्यच वाटते. जे. सी. कुमारप्पा लंडनमध्ये शिकलेले लेखापाल होते, मुंबईत त्यांचा व्यवसाय होता. गांधीजींच्या सहवासात आल्यावर त्यांनी तो सोडला आणि वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम उभे केले. १९३८-३९ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने प्रांतातल्या उद्योगांची पाहणी करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष कुमारप्पाच होते. बुऱ्हाणपूर तेव्हा याच प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होते. नागपूर ही राजधानी, आणि मराठी ही प्रांताच्या दोन मोठ्या भाषांपैकी एक. म्हणजे ‘दीर्घकालीन मूल्य’ हे नाव कोणी घेण्याच्या कितीतरी आधी, एका प्रशिक्षित लेखापालाने आमच्याच प्रांतातल्या खेड्यांकडे हाच प्रश्न मनात ठेवून पाहिले होते. पुढे तुरुंगात असताना त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवरचे आपले पुस्तक लिहिले. गांधीजींनी त्याला प्रस्तावना दिली.

कुमारप्पांनी संपत्तीचे दोन प्रकार केले. एक प्रवाहाची, दुसरी साठ्याची. वाहते पाणी, ऊन, वारा, वाढीच्या वेगाने तोडलेले लाकूड ही प्रवाहाची संपत्ती. आज घेतली तरी उद्या पुन्हा येते. कोळसा, खनिज, तेल ही साठ्याची. घ्याल तेवढी कमी होते. प्रवाहावर जगणारा समाज टिकतो. साठ्यावर जगणारा समाज साठा संपेपर्यंत श्रीमंत दिसतो, आणि साठ्यासाठी भांडतो. युद्धांचे मूळ ते तिथेच शोधत. ही मांडणी ऐकायला सोपी आहे, पण ताळेबंद मांडणाऱ्या माणसाने ती केली आहे हे लक्षात घेतले की तिची धार कळते. लेखाशास्त्रात भांडवल खाऊन दाखवलेला नफा हा नफाच नव्हे. यंत्र झिजते म्हणून आपण त्यावर दरवर्षी घसारा लावतो, मगच नफा काढतो. घसारा न लावता नफा दाखवणाऱ्याला कोणताही लेखापरीक्षक सही देणार नाही. कुमारप्पांचा आग्रह एवढाच होता की हाच नियम जमिनीला, जंगलाला, पाण्याला आणि माणसाच्या शरीराला लागू करा.

तो नियम घेऊन बुऱ्हाणपूर जिल्ह्यात फिरले की चारी बाजूंनी उदाहरणे दिसतात. केळी घ्या. तापीच्या दोन्ही काठांवर, इकडे बुऱ्हाणपूर आणि तिकडे रावेर, मुक्ताईनगर, यावल, हा सलग केळीचा पट्टा आहे. मधली राज्यांची सीमा बागांना कळत नाही. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या योजनेत बुऱ्हाणपूरच्या वाट्याला केळीच आली. या पिकाने हजारो घरे उभी केली, मुले शिकली, मुलींची लग्ने झाली, आणि यातले काहीही कमी लेखावे असे नाही. पण केळीला बारा महिने पाणी लागते. बाग तहानलेली ठेवता येत नाही. पाऊस जेवढा मुरवतो तेवढेच पाणी उपसले तर ती प्रवाहावरची शेती. त्याहून जास्त उपसले तर जास्तीचे प्रत्येक पीक साठ्यातून आले. शेतकऱ्याच्या वहीत दोन्हींची नोंद सारखीच होते, उत्पन्न म्हणून. बोअर शंभर फुटांवरून तीनशेवर गेला, तिथून आणखी खाली गेला, तरी तो नवा भांडवली खर्च म्हणून लिहिला जातो. पाण्याची पातळी खाली गेली हा तोटा कुणाच्याच नावावर पडत नाही. भंडाऱ्याला ज्या उतारावरून पाणी येते तिथला उपसाही याच हिशेबात येतो: कुंडीत उतरायचे पाणी वरच वाटेत काढून घेतले, तर चारशे वर्षांचा प्रवाह आपण एका पिढीत साठा करून टाकू. ठिबकने बराच फरक पडला आहे, आणि पुढे एका प्रकरणात त्याची नीट आकडेमोड आहे. मला काळजी वाटते ती वाचलेल्या पाण्याची. ते जमिनीतच राहते, की तेवढ्यावर आणखी एक एकर केळी लागते?

दुसरे उदाहरण नेपानगरचे, आणि त्यावर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण नफ्यापलीकडच्या मूल्याची बाजू घेणाऱ्यांची खरी परीक्षा तिथे होते. स्वातंत्र्याच्या सुमारास एका खाजगी कंपनीने इथे वृत्तपत्राच्या कागदाचा कारखाना काढायचे ठरवले, ते काम अडले, सरकारने हाती घेतले. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी कारखाना देशाला अर्पण केला. वृत्तपत्राचा कागद बनवणारा देशातला हा पहिला कारखाना. पुढचे सुमारे पाव शतक तो एकटाच होता. नियंत्रणाच्या काळात दैनिकांना आयात कागदाबरोबर देशी कागदाचाही कोटा उचलावा लागे. परकीय चलनाची चणचण असताना देशाला स्वतःच्या कागदावर बातमी छापता आली, याची किंमत कशात मोजायची? आणि जंगलाच्या कडेला एक अख्खे गाव उभे राहिले: वसाहत, शाळा, दवाखाना, खेळाचे मैदान, आणि पगारावर जगणारी देशभरातून आलेली कुटुंबे.

नफा-तोटा पत्रकाने मात्र वेगळे सांगितले. उदारीकरणानंतर आयात कागद स्वस्त झाला, जुनी यंत्रे मागे पडली आणि १९९८ मध्ये प्रकरण आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेले. २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी उत्पादन थांबले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने सुमारे ४६९ कोटींची योजना मंजूर केली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला. आता तिथे रद्दी कागदापासून कागद होतो. फक्त नफा पाहणारा म्हणेल, हा पैसा वाया गेला. नेपानगरचा माणूस म्हणेल, आमचे गाव वाचले. दोघांचेही मला अपुरे वाटते. सुरुवातीची कित्येक वर्षे हा कागद साळई आणि बांबूपासून होत असे, आणि ते लाकूड याच निमाडच्या जंगलांतून येत असे. साळई हा कोरड्या उतारावर तग धरणारा वृक्ष. त्याचा डिंक आदिवासी गोळा करत. कारखान्याच्या वहीत साळईची नोंद कच्च्या मालाचा खर्च म्हणून झाली. कोरकू, बारेला आणि भिल्ल कुटुंबांच्या लेखी तीच साळई सावली होती, डिंक होता, सरपण होते. नेपानगरचे सामाजिक मूल्य मोजायचे तर गाव जमेच्या बाजूला आणि जंगल खर्चाच्या बाजूला, दोन्ही एकाच पानावर लिहिले पाहिजेत. सार्वजनिक उद्योगाच्या प्रेमापोटी दुसरी बाजू गाळली तर आपणही तेच केले, जे खाजगी नफेखोराने केले असते. आणि तोट्यातल्या कारखान्याला वर्षानुवर्षे ‘सामाजिक मूल्य’ या शब्दामागे आसरा देणे हाही त्या शब्दाचा अपमानच आहे. ते मूल्य असेल तर ते मोजून दाखवावे: किती घरे, कोणते काम, तेवढ्याच खर्चात दुसरे काय झाले असते.

यंत्रमागांविषयी दोनच वाक्ये. ज्या शहराचे कापड पोलंडला जात होते तिथे आज घराघरांत माग खडखडतात, आणि सरकारी ताप्ती मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. मजुरीत माणसाच्या कानांचा आणि फुप्फुसांचा घसारा धरलेला नसतो, एवढे सांगून हा विषय मी पुढच्या प्रकरणांवर सोडतो.

शासनानेही मोजणीचा विचार केला आहे, हे सांगायला हवे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला लावली. यातून चांगली कामे झाली, पण नफा कसा मिळवला हा प्रश्न त्या कायद्याने विचारला नाही. ‘सेबी’ने एक पाऊल पुढे टाकले. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल देणे बंधनकारक झाले. त्यात कंपनीने पाणी कोणत्या स्रोतातून किती घेतले, किती सोडले, कामगारांना इजा किती झाल्या, पुरुष आणि स्त्रियांचा मध्यक पगार किती आहे, हे लिहावे लागते. हा अहवाल कुणीही वाचू शकतो. मराठी वाचकाने एकदा तरी आपल्या जिल्ह्यात कारखाना असलेल्या एखाद्या कंपनीचा तो काढून पाहावा. पाण्याचा आकडा किलोलिटरमध्ये सापडेल. ते पाणी ज्या खोऱ्यातून घेतले तिथे एकूण किती होते आणि उरले किती, हे बहुधा त्याच्याशेजारी सापडणार नाही. त्याशिवाय प्रवाह की साठा, हा प्रश्न सुटत नाही.

सुटलेला मला दिसतो तो अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात. हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, त्यातला किती मुरला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणते पीक बसते, हे मोजले जाते आणि ग्रामसभेत वाचून दाखवले जाते. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, असे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. पाऊस कमी झाला की पिकांचा बेत बदलतो. आकडे जागतिक संस्थांच्या मानाने साधे आहेत. त्यांचे बळ दुसरीकडे आहे: हिशेब लिहिणारा, ऐकणारा आणि चुकल्यास तहानेने भोगणारा, तिघेही एकाच सभेत बसलेले असतात. लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये छापलेल्या अहवालाला हे कधीच पूर्णपणे साधणार नाही, आणि ते मान्य करूनच त्याची मापे वापरली पाहिजेत. बुऱ्हाणपूरने केळी सोडावी असे मी म्हणणार नाही. हिवरे बाजार आणि तापीकाठ यांची जमीनही वेगळी आणि पाणीही वेगळे. पण आपल्या पाण्याचा ताळेबंद आपल्या सभेत वाचायला तापीकाठच्या एकाही गावाला कोणाची परवानगी लागत नाही.

हा विषय या जिल्ह्यात आत्ताच का तातडीचा आहे, ते सांगून थांबतो. जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. २५४ गावे आणि एक लाखाहून अधिक ग्रामीण घरे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी, योजना सुरू झाली तेव्हा, यांतल्या साधारण ३७ हजार घरांत नळ होता. तीन वर्षांत तो सगळ्यांकडे आला. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईच्या वाचलेल्या तासांचे मोल कोणत्याही अहवालातल्या सामाजिक मूल्याच्या आकड्याहून मोठे आहे, आणि या कामाचा मला मनापासून अभिमान आहे. योजनेचे माप माणशी दिवसाला ५५ लिटर. नळ बसला हे मोजता आले, ते प्रमाणित झाले, ग्रामसभांनी ठराव केले. पुढची मोजणी लांब पल्ल्याची आहे. गावाच्या पाणी समितीकडे नोंदवही असते, पाणी तपासायचे शिक्षण घेतलेल्या बायका गावात असतात. त्या वहीत वीजबिल, पंपाची दुरुस्ती आणि पाणीपट्टी यांबरोबर आणखी एक रकाना आखावा, असे हे पुस्तक सुचवते: योजनेच्या विहिरीची किंवा बोअरची पाण्याची पातळी, दर महिन्याला, एकाच तारखेला. त्याला दोरी, फूटपट्टी आणि सातत्य एवढेच लागते. दहा वर्षांच्या एकशेवीस नोंदी हाताशी आल्या की आपल्या नळाला येणारे पाणी प्रवाहाचे आहे की साठ्याचे, हे गावाला कुठल्याही सल्लागाराशिवाय सांगता येईल. तो रकाना कसा आखायचा, पातळी कशी घ्यायची आणि पावसाच्या आकड्याशी ती कशी जुळवायची, हे शेवटच्या प्रकरणात आकृत्यांसह दिले आहे. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी बाकीचे पुस्तक नंतर वाचावे आणि आधी ते प्रकरण घेऊन आपल्या समितीच्या बैठकीला जावे.